आत्याचे सात प्रश्न

टेबलाला चार पाय लागतात, ही गोष्ट त्या रविवारपर्यंत या घरात कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. आता तीनच उरले होते. चौथ्याच्या जागी आत्याने जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या एकावर एक रचल्या होत्या, चांगल्या जाडजूड चार. तरीही कुणी कोपर टेकवलं की टेबल असं काही कण्हायचं, की वाटावं यालाही बैठकीत दोन शब्द बोलायचे आहेत.

"कोपरं खाली," मास्तरीण म्हणाली.

"मी टेकवलंच नव्हतं!" चिमणी उसळली.

"तुझं नाही म्हटलं. तुझ्या बाबांचं."

मधल्याने निमूट कोपर उचललं आणि हात मांडीवर ठेवले. चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बायको असली की विम्याचा सर्व्हेयरसुद्धा हात मांडीवर ठेवायला शिकतो.

हे टेबल आत्याच्या बाबांनी केलेलं. सगळं आयुष्य त्यांनी शाळांसाठी बाकं केली. घरासाठी मात्र एकच वस्तू केली, आठ माणसांचं हे टेबल. धाकट्याचं लग्न मोडता मोडता जमलं ते या टेबलावर. आई गेल्यावर घर विकायचं नाही असं आत्या, मधला आणि धाकटा या तिघा भावंडांनी ठरवलं तेही इथेच. आणि दोन वर्षांपूर्वी चिमणीने इथेच मोबाइल नाचवत सगळ्यांना गुंडाळलं होतं: "पुढचं घर दोन-चार रात्रींसाठी पाहुण्यांना द्यायचं! बंद घर कुजतं! आत्या मागच्या दोन खोल्यांत आहेच, लक्ष ठेवेल! फोटो मी काढते!" तेरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? पण ऐकलं. कारण फोटो खरंच झकास आले होते.

गेल्या शनिवारी घर घेतलेल्या पाहुण्याच्या पार्टीत या टेबलावर चढून अकरा माणसं नाचली. मोडलेला पाय आता भिंतीला टेकून उभा होता, पाहुण्यासारखा.

मधल्याने आल्या आल्या त्या पायाचे सहा बाजूंनी फोटो काढले, टेप लावून भेग मोजली आणि वहीत लिहिलं. जळकी गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या बघण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. नुकसान दिसलं की तो शांत व्हायचा. माणसं दिसली की अस्वस्थ.

"बाकी काय काय?" त्याने विचारलं.

"दोन काचेचे पेले. न्हाणीघरातला आरसा तडकलाय. भिंतीवर बुटाचा ठसा, माणसाच्या उंचीवर, तो तिथे कसा गेला देव जाणे," आत्याने सांगितलं. "चमचे बाराचे बारा आहेत. वरची खोली कुणी उघडली नाही. कुलूप ओढून पाहिलंय, पण उघडलं नाही."

हे सांगताना आवाजात थोडा ताठा आलाच तिच्या. वरच्या खोलीत आईची भांडी, कागदपत्रं आणि भिंतीवरून उतरवलेले सगळे फोटो होते. परक्या माणसाने आपली माणसं कशाला बघायची, असं तिचं म्हणणं. पुढचं घर आणि मागच्या खोल्या यांच्यामधल्या दाराची कडी तिच्या बाजूला होती. किल्लीच्या दोन प्रती घरात आणि तिसरी शेजारच्या टेलरकडे. प्रत्येक पाहुणा यायच्या आधी आणि गेल्यानंतर खोल्यांचे फोटो, ते चिमणीचं काम. दोन वर्षांत एक टॉवेलसुद्धा हरवला नव्हता. एक टॉवेल उलट जास्त निघाला होता.

"आणि तू कुठे होतीस तेव्हा?" मधल्याने विचारलं.

"इथेच की. मागे."

"मग ऐकू आलं नाही?"

"आलं. दार वाजवलं. त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी टेलर आला काठी घेऊन, तेव्हा पांगले."

हे सगळं खरं होतं. फक्त त्यातला एक तास तिने गाळला होता. दार वाजवण्याआधीचा. त्या तासात ती कडीवर हात ठेवून नुसती उभी होती. पलीकडे तीसएक माणसं हसत होती, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, भांडी वाजत होती, आणि हे घर इतकं भरलेलं तिने आई असतानासुद्धा कधी ऐकलं नव्हतं. मग लाकूड मोडल्याचा आवाज आला. मग तिने दार वाजवलं.

ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मास्तरणीने पिशवीतून कागद काढला. तांबड्या शाईत, आकडे घालून. "ताई, रागावू नका, पण मी जरा लिहून आणलंय. ओळखपत्र आधी मागायचं, किल्ली नंतर. चारपेक्षा जास्त माणसं नाहीत, आणि हे त्यांच्याकडून लेखी घ्यायचं. अनामत ठेवून घ्यायची. दाराबाहेर कॅमेरा, आत नाही, आणि कॅमेरा आहे हे त्यांना आधी सांगायचं. दहानंतर आवाज नाही."

"हे सगळं चांगलंच आहे," आत्या म्हणाली. "करूया की."

मास्तरीण दचकली. ती भांडायच्या तयारीने आली होती आणि समोरचीने पहिल्याच चेंडूला बॅट खाली ठेवली.

"ते आहेच गं," मधला घाईने म्हणाला. "पण प्रश्न त्याचा नाही. प्रश्न माणसं निवडायची कुणी, हा आहे. ताई, तुझी ती वही आण बघू."

वही आणायला आत्या उठली तेव्हाच तिला कळलं होतं, की आता पुढे काय निघणार.

आत्या चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण मधून बाजूला व्हायचं. आवाजावरून ती माणूस ओळखायची. कोण कर्ज मागायला फोन करतोय, कोण मयताची बातमी सांगणार आहे, कोण ऑफिसातून बोलतोय म्हणून घरी सांगतोय आणि आहे भलतीकडेच, हे तिला नंबर सांगतानाच समजायचं. मग एक दिवस यंत्र आलं आणि लोक आपलं आपण जोडून घ्यायला लागले. निरोप म्हणून आत्याला फुलांचा गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्यामुळे पाहुण्यांचं काम आलं तेव्हा तिने एकच अट घातली होती. मोबाइलवरचं ते पिटपिट टाइप करणं चिमणीने करावं. पण घर मिळण्याआधी प्रत्येक पाहुण्याने मागच्या खोलीतल्या फोनवर बोललंच पाहिजे. सात प्रश्न. पूर्ण नाव काय. कुठून येताय. कशासाठी. किती जण, पोरंबाळं धरून. किती रात्री. याआधी कुणाच्या घरी उतरला होतात. आणि इथे भेटायला कुणी येणार आहे का. उत्तरं वहीत, सात रकान्यांत.

"उत्तर महत्त्वाचं नसतं गं," तिने चिमणीला एकदा समजावलं होतं. "चौथ्या प्रश्नाकडे लक्ष ठेवायचं. पहिले तीन माणूस धडाधड सांगतो. किती जण म्हटलं, की खरा माणूस लगेच आकडा सांगतो. खोटा आधी श्वास घेतो."

चिमणी महिनाभर शाळेत सगळ्यांना विचारत सुटली होती, "तुम्ही घरी किती जण?" आणि मैत्रिणींचे श्वास मोजत होती.

मधल्याने वहीची पानं उलटली. शनिवारच्या ओळीवर बोट ठेवलं. पूर्ण नाव. गाव. कामासाठी. आणि मग काहीच नाही. चौथा रकाना कोरा. पाचवाही, सहावाही, सातवाही.

"हे काय?"

"राहिलं," आत्या म्हणाली.

"राहिलं? ताई, चौतीस वर्षांत तू एक नंबर चुकली नाहीस. माझ्या लग्नात कुणी काय आहेर केला ते तुला अजून पाठ आहे. आणि किती जण येणार हे विचारायचं राहिलं?"

"बाबा, असं नका ना विचारू. ही काय जळलेली गाडी आहे का?" चिमणी म्हणाली.

"मी साधंच विचारतोय."

"तुमचं साधं असंच असतं."

आत्या उभीच होती. तिने पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. शेवटी म्हणाली, "तो म्हणाला, बसा."

"कोण?"

"तो शनिवारवाला. फोनवर. म्हणाला, उभ्या आहात ना, बसा."

मधल्याने बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "म्हणजे? तो बसा म्हणाला म्हणून तू त्याला घर दिलंस?"

आता हे कसं समजावायचं? मागच्या खोलीतला फोन बाबांनी भिंतीवर खांद्याच्या उंचीला ठोकून ठेवला होता. उभ्याने बोललं की बिल कमी येतं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे गेली दोन वर्षं आत्या पाहुण्यांशी उभ्यानेच बोलत आली. त्या दिवशी तिसऱ्या प्रश्नानंतर तो माणूस मध्येच थांबला आणि म्हणाला, "तुम्ही उभ्याने बोलताय ना? वाक्यं लवकर संपवताय, त्यावरून वाटलं. बसा की. मला घाई नाही." आत्याच्या हातातलं पेन तसंच राहिलं. अख्खा जन्म तिने लोकांचे आवाज ऐकले, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. लोक तिला नंबर सांगायचे, तिला काही विचारायचे नाहीत. तिने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं आणि बसली. मग तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. बोर्डच्या वायरींबद्दल, रात्रपाळीच्या मैत्रिणींबद्दल, घड्याळाबद्दल. बेचाळीस मिनिटं. फोन ठेवला तेव्हा तिचा कान तापला होता. घर त्याला देऊन टाकलं होतं आणि चौथा प्रश्न कुठल्या कुठे गेला होता.

ती उभी आहे हे त्याला खरंच कळलं होतं, का ती नुसती युक्ती होती? आठवडाभर ती आठवून आठवून ऐकत होती. तिला सांगता येत नव्हतं. मोडलेल्या पायापेक्षा हेच जास्त लागलं होतं.

"नंतर मी फोन लावला त्याला," ती एवढंच म्हणाली. "बंद आहे. ती बाई बोलते."

"कुठली बाई?"

"ती नाही का, हा क्रमांक सध्या बंद आहे म्हणणारी. आमची जागा घेतली तिने."

चिमणीला हसू आलं आणि लगेच ते गिळावं लागलं. मास्तरीण मात्र हसली नाही. ती आत्याच्या पायांकडे बघत होती. मग उठली, आपली खुर्ची आत्याकडे सरकवली आणि म्हणाली, "ताई, बसा." लगेच तिचं तिलाच लक्षात आलं आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे, मी दिवसभर उभ्यानेच शिकवते ना. म्हणून."

"अगं, कळलं मला," आत्या म्हणाली आणि बसली.

मधल्याने घसा खाकरला. त्याने फाइलमधून एजन्सीचा करार काढून टेबलावर ठेवला आणि तो घसरू नये म्हणून त्यावर साखरेचा डबा ठेवला. एजन्सी सगळं बघते. पाहुणा ओळखपत्राचा आणि चेहऱ्याचा फोटो पाठवतो, यंत्र दोन्ही जुळवतं, आधीच्या घरमालकांनी काय शेरे मारलेत ते तपासतं, धोका वाटला तर नाही म्हणतं. दाराला आकड्यांचं कुलूप, प्रत्येक पाहुण्याला नवा आकडा. घरात किती आवाज चाललाय ते मोजणारी डबी. मोडतोड झाली तर भरपाई तेच वसूल करणार.

"आणि मी?" आत्याने विचारलं.

"तुला काहीच करायला नको! आराम."

"बाबा, कलम नऊ वाचा," चिमणी म्हणाली. तिने करार आदल्या दिवशीच चोरून वाचला होता.

"ते त्यांच्या नियमाचं आहे..."

"घरातल्या कुणीही पाहुण्यांशी परस्पर संपर्क साधायचा नाही. पाहुण्यांचा फोन उद्यापासून त्यांच्या नंबरवर वळणार." चिमणीने हाताची घडी घातली. "म्हणजे आत्याने कुणाशी बोलायचं?"

"कुणाशी म्हणजे? आम्ही नाही का?"

टेबल कण्हलं. या वेळी कुणाचंच कोपर टेकलेलं नव्हतं.

आम्ही म्हणजे रविवारी, महिन्यातून एकदा, तेही मधल्याला जवळपास काही जळकं बघायचं असेल तर. आत्या हे बोलली नाही. पाहुण्यांचे फोन आठवड्याला सात-आठ यायचे. कुणाची परीक्षा, कुणाची शस्त्रक्रिया, कुणी नव्या नोकरीसाठी घर शोधतंय तोवर. प्रत्येकी पाच-सात मिनिटं. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. हा हिशेब बाबांच्या बिलासारखा कुठे लिहून ठेवायचा नव्हता, पण होता.

"धाकट्याला विचारू," मधला म्हणाला. "तिघांच्या सह्या लागतात. त्याला फोनवरून करता येते."

धाकटा दूरच्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या घरात. बायको, दोन मुलं आणि भुंकायला कारण न लागणारा कुत्रा. मधल्याने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर चेहरा काही आला नाही.

"कॅमेरा बिघडलाय," धाकट्याचा आवाज आला. "बोला. ऐकतोय."

मधल्याने सगळं सांगितलं. धाकटा मध्ये मध्ये हं, हं करत होता. आत्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि तिने डोळे मिटले. बोर्डवर बसायची तशी.

आवाज गोल येत होता.

पडदे, गालिचे, सोफा असलेल्या खोलीत आवाज मऊ पडतो. हा पडत नव्हता. भिंतीला लागून परत येत होता. रिकाम्या खोलीत माणूस बोलतो तेव्हा येतो तसा. मुलं नाहीत. कुत्रा नाही. टीव्ही नाही. रविवारी दुपारी त्या घरात एवढी शांतता?

"मला विचाराल तर एजन्सीच बरी," धाकटा म्हणत होता. "दर महिन्याला ठरलेले पैसे येतील. मला, म्हणजे आपल्याला, सध्या ते बरं पडेल."

"कुत्रा कुठे आहे रे?" आत्याने विचारलं.

"काय?"

"कुत्रा. आज भुंकला नाही."

पलीकडे श्वास. छोटासा, पण होता. "फिरायला नेलाय. मुलांनी."

"बरं."

मधल्याने वैतागून हात उडवले. "ताई, इथे काय चाललंय आणि तुला कुत्र्याचं पडलंय!"

 एका वाक्यात आत्याला बैठक उलटवता आली असती. अरे, तू आहेस कुठे? एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. मग टेबलावर एजन्सी राहिली नसती, धाकट्याचा संसार आला असता, सहा बाजूंनी फोटो काढून. मास्तरणीने मधल्याच्या हाताला चिमटा काढत म्हटलंच होतं, "आज सह्या नकोत. ताईंना विचार करू दे." चिमणी तर उघड उघड आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी होती. दोन माणसं आपल्या बाजूला. या घरात अशी वेळ आत्यावर फार वर्षांनी आली होती.

पण धाकटा म्हणाला होता, सध्या बरं पडेल. आणि ते म्हणताना त्याने श्वास घेतला नव्हता.

"पेन दे," आत्या म्हणाली.

"आत्या!"

"चिमणे, पेन."

तिने सही केली. सुवाच्य, एक्स्चेंजच्या वहीत करायची तशी, खाली तारीख घालून. मधला एवढा गोंधळला की त्याने आपली सही भलत्याच रेघेवर केली.

"मी करतो संध्याकाळी," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवण्याआधी क्षणभर थांबला होता, हे फक्त आत्याला ऐकू आलं.

निघताना मास्तरणीने कपबशा विसळून ठेवल्या, नको नको म्हणत असताना. "पुढच्या रविवारी मी एकटी येते," ती हलकेच म्हणाली. "यांना नाही आणत." चिमणी आत्याच्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "मी रोज तुझ्या मोबाइलवर फोन करीन. रोज म्हणजे रोज." आत्या हसली. रोज म्हणजे परीक्षा सुरू होईपर्यंत, हे तिला ऐकू आलं होतं, पण ते ऐकण्यासारखं नव्हतं. मधल्याने मोडका पाय कागदात गुंडाळून गाडीत घातला. एक सुतार त्याच्या माहितीचा होता. दाराशी तो उगाच घुटमळला. "ताई, तुझ्याच भल्यासाठी," म्हणाला.

"कळतं रे. सावकाश चालव."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आत्याने पुढच्या घरातून फेरी मारली. खिडक्या लावल्या. बारा चमचे मोजले, आज कुणी पाहुणा नव्हता तरी. मग मधलं दार ओढून घेतलं आणि आपल्या बाजूने कडी घातली. भिंतीवर एक्स्चेंजचं घड्याळ सहा दाखवत होतं. स्टूल अजून फोनखालीच होतं, शनिवारवाल्याच्या फोनपासून. ते उचलून स्वयंपाकघरात न्यावं, आता इथे त्याचं काय काम, असा विचार करून ती वाकली.

आणि फोन वाजला.

उद्यापासून वळणार होता, आज नाही. ती उभी राहिली, वही ओढली, पेन शोधलं.

"नमस्कार. बोला."

 आवाज नव्हता, पण खोली होती. रिकामी, गोल.

"घर," शेवटी शब्द आला. "शनिवारपासून मोकळं आहे का?"

आत्याने रिसीव्हर घट्ट धरला. ताई म्हण, म्हणून ओरडावंसं वाटलं. पण ज्याने तिचा मोबाइल सोडून पाहुण्यांचा नंबर फिरवला, त्याला पाहुणा व्हायचं होतं. घरच्याला करतात ते प्रश्न त्याला नको होते. तिला बोर्डवरचे असे कितीतरी लोक माहीत होते, जे बायकोशी बोलण्याआधी ऑपरेटरशी दोन वाक्यं जास्त बोलायचे.

"बघावं लागेल," ती म्हणाली. "आधी सात प्रश्न असतात. पूर्ण नाव?"

"ताई, मी..."

"पूर्ण नाव."

त्याने सांगितलं. स्वतःचं, बाबांचं, आडनाव. शाळेच्या हजेरीत सांगतात तसं. तिने पहिल्या रकान्यात लिहिलं.

"कुठून येताय?"

त्याने शहर सांगितलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्या घरातून नाही. दोन महिने झाले. दुसरीकडे राहतोय."

"कशासाठी येताय?"

"माहीत नाही."

माहीत नाही, असं तिने लिहिलं. असं उत्तर वहीत पहिलंच होतं.

"किती जण? पोरंबाळं धरून."

"एकटाच."

श्वास नव्हता. थेट आकडा.

आत्याचं पेन चौथ्या रकान्यावर थांबलं. वरच्या ओळीतला कोरा चौकोन तसाच होता. त्याच्या खाली तिने एक लिहिला, छोटासा, सरळ.

"मी सही केली नाहीये अजून," धाकटा भराभर म्हणाला. "त्या करारावर. तू का केलीस? मला वाटलं तू नाही म्हणशील. तू नाही म्हणावंस म्हणून मी... आणि तू केलीस. आता मी करू का नको?"

"ते नंतर. पाच. किती रात्री?"

पलीकडे नुसत्या किल्ल्या वाजल्या. या घराचा नियम सातपेक्षा जास्त रात्री नाहीत असा होता. तो एजन्सीच्या करारातही होता. आत्याने पाचव्या रकान्यावरून पेन पुढे नेलं.

"सहावा राहू दे. याआधी कुणाकडे उतरला होतास ते मला माहीत आहे. सात. भेटायला कुणी येणार आहे?"

"मुलं. रविवारी. तिने सोडलं तर." आणि मग त्याचा आवाज एकदम लहान झाला. चौथीत असताना तो शाळेतून हरवला आणि सापडला, तेव्हा होता तेवढा लहान. "ताई, कुत्रा तिच्याकडेच आहे गं."

वाक्यं तो लवकर लवकर संपवत होता. एक संपलं की लगेच दुसरं, मध्ये टेकायला जागाच नाही. आत्याने ऐकलं. मग हाताने चाचपून मागचं स्टूल ओढलं आणि बसली.

"उभा आहेस का?" तिने विचारलं.

"हो."

"मग आधी बस."

"खुर्चीच नाहीये, ताई. काहीच आणलं नाहीये अजून."

"जमिनीवर बस. भिंतीला टेक. मला घाई नाही."

पलीकडे शर्ट भिंतीला घासल्याचा आवाज आला, गुडघा मोडल्याचा, किल्ल्या फरशीवर ठेवल्याचा. 

"बसलो," तो म्हणाला.

आत्याने वही मिटली, पेन त्यावर ठेवलं आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हं," ती म्हणाली, "आता सांग."